सोफ्यावर बेस नाही, स्वयंपाकघराच्या दारात मात्र दणका: १५ इंची वूफर घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट, हॉल १६ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), पाच छोटे स्पीकर आणि १० इंची पोर्टवाला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा, हवेसाठी भोक (पोर्ट) ठेवलेला डबा. टीव्ही लांब भिंतीच्या मधोमध, सबवूफर टीव्ही युनिटला चिकटून, आणि समोरच्या लांब भिंतीला टेकून सोफा, तोही मधोमध. सोफ्यावर बसलं की एकाच सुरातलं ‘बुम्म बुम्म’ येतं, खोल बेस येत नाही. हॉलच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की तोच बेस पोटात जाणवतो. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा सांगून गेल्यात. तुम्हाला मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाचा ठोका घरात हवाय. दुकानदार म्हणतो १० इंचीत दम नसतो, १५ इंची न्या. आणि शेवटी एक ओळ: सिस्टिम चालू केली की सबवूफरमधून बारीक घूं येत राहते.

१५ इंची आत्ता घेऊ नका. तुमच्या सगळ्या वर्णनात महत्त्वाचं वाक्य स्वयंपाकघराच्या दाराचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. दारात बेस पोटात जाणवतो, म्हणजे तुमचा सबवूफर बेस काढतोय. तो तुम्ही बसता तिथे नाही, एवढंच. प्रश्न जागेचा आहे: वूफर कुठे, तुम्ही कुठे आणि भिंती कुठे.

मी तुमचा हॉल पाहिलेला नाही. हॉल डायनिंगकडे किती उघडा आहे, भिंती विटांच्या की ब्लॉकच्या, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे का, बाल्कनीची स्लायडिंग किती रुंद, यावर पुढचे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पण गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून सिडकोतल्या छोट्या घरांपर्यंत माइक लावून मोजताना मला जे पुन्हा पुन्हा दिसतं, त्यात तुमचं वर्णन चपखल बसतं. म्हणून हिशोब मांडूनच सांगतो.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या सुराची एक पूर्ण लाट साडेआठ मीटरहून थोडी लांब, म्हणजे जवळपास २८ फूट. तुमचा हॉल १६ फुटांचा. लाट खोलीत मावतच नाही. ती एका भिंतीवरून परत येते, दुसरीवरून परत येते आणि स्वतःच्याच येण्याजाण्यात अडकते. काही ठराविक सुरांना हे येणंजाणं इतकं जुळून येतं की खोलीत काही जागी तो सूर फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. पाण्याने भरलेली परात उचलून नेताना पाणी हिंदकळतं ते आठवा: दोन्ही कडांना वर-खाली होतं आणि मधली रेघ जवळपास जागेवर राहते. खोलीतल्या पहिल्या लाटेचं असंच होतं. भिंतींपाशी दाब भरपूर, मध्यावर शून्याच्या जवळ.

हा पहिला सूर काढायचं गणित सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, त्यामुळे लांबीचा पहिला सूर साधारण ३५ हर्ट्झ. ११ फुटांच्या रुंदीचा ५१. साडेनऊ फूट उंचीचा ५९. लांबीचा दुसरा सूर पहिल्याच्या दुप्पट, ७० हर्ट्झ, आणि त्याचा दाब दोन्ही टोकांबरोबर बरोबर मध्यावरही जास्त असतो.

आता तुमची मांडणी यावर ठेवून बघा. सोफा लांबीच्या मध्यावर आहे, म्हणजे ३५ च्या मेलेल्या रेघेवर. सबवूफरही मध्यावरच, त्यामुळे तो ती ३५ ची लाट धड उठवतही नाही. रुंदीच्या दिशेने मात्र सबवूफर एका भिंतीला आणि तुमचं डोकं समोरच्या भिंतीला, म्हणजे ५१ हर्ट्झला दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळं रान. शिवाय मध्यावर बसल्यामुळे ७० पण फुगून येतो. उरलं काय, तर ५१ आणि ७० च्या आसपासचा गोळा, आणि त्याच्याखाली खड्डा. तुमचं ‘एका सुरातलं बुम्म’ हेच आहे. स्वयंपाकघराचं दार लांबीच्या टोकाला असल्याने जी काही ३५ ची लाट उठते ती तिथे सापडते. हॉल डायनिंगकडे उघडा असेल तर हा ३५ चा आकडा खाली सरकेल आणि मेलेली रेघही सोफ्यापासून थोडी हलेल, पण तुमच्या लक्षणांवरून फार हललेली दिसत नाही.

याच जागी १५ इंची आणून ठेवला तर? कोणता सूर किती मोठा येतो याचा पूर्ण आलेख जसाच्या तसा वर सरकेल. ५१ चा फुगा आणखी फुगेल, तुम्ही आवाज कमी कराल, आणि खोल बेस पुन्हा होता तिथेच जाईल. फक्त काकू आता दोनदा येतील.

ढोलाबद्दल. मेन रोडवर विसर्जन मिरवणुकीत ढोल-पथक जवळून जातं तेव्हा छातीवर जो ठोका बसतो, तो ‘खोल’ वाटला तरी बहुतांश ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो. २०-२५ हर्ट्झचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तो अंगावर येतो याची कारणं दुसरी: तो प्रचंड मोठा असतो, आणि उघड्यावर असल्याने प्रत्येक ठोका पडला की लगेच संपतो, पुढच्याला जागा करून देतो. तुमच्या हॉलमध्ये ५१ चा सूर ठोका संपल्यावरही भिंतींमध्ये घुमत राहतो. पुढचा ठोका त्या घुमण्यावरच पडतो, त्यामुळे ढोलाची लय चिखलात गेल्यासारखी वाटते. म्हणून तुमच्या बाबतीत अर्धं काम बेस वाढवण्याचं नसून ५१ चं घुमणं कमी करण्याचं आहे.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी साडेसत्तावीसची. हिंदी-मराठी सिनेसंगीतात ४० च्या खाली सहसा फारसं काही नसतं. त्याच्याखालचा प्रांत मुख्यतः ऑर्गनचा, इलेक्ट्रॉनिक संगीताचा आणि सिनेमातल्या स्फोट-भूकंपांचा. तुम्ही काय ऐकता यावर ‘खोल म्हणजे किती खोल’ हे ठरतं, आणि खर्चही.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट फुकट आहे आणि बहुतेक घरांत तिलाच सगळ्यात जास्त विरोध होतो: सोफा मध्यावरून हलवा. लांबीच्या दिशेने अडीच फूट डावीकडे किंवा उजवीकडे. एवढ्या हालचालीने तुम्ही त्या रेघेवरून निघता आणि ३५ चा दाब टोकाच्या जवळपास निम्म्यावर येतो, जो कानाला पुरतो. टीव्ही मग मधोमध दिसणार नाही, हे मान्य. टीव्हीही सोबत सरकवता आला तर उत्तम. नाहीतर तीन जणांच्या सोफ्यावर निदान तुम्ही कडेला बसा आणि मधली जागा पाहुण्यांना द्या. मध्यावरच बसायचा हट्ट धरलात तर सबवूफर हॉलमध्ये कुठेही न्या, ती लाट तुमच्यापर्यंत येणार नाही; त्या जागेचा तो गुणच आहे.

सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेता आला तर ५१ चा फुगा थोडा उतरतो. ११ फुटी खोलीत याहून जास्त जागा निघत नाही, आणि फूटभराने फार मोठा फरकही पडत नाही. जमलं तर करा.

सोफ्याची जागा ठरली की सबवूफरची जागा शोधायची. यासाठी जगभर वापरली जाणारी एक युक्ती आहे, करताना माणूस वेडा दिसतो, पण ती चालते. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ३०, ३५, ४०, ५०, ६०, ७०, ८० हर्ट्झचे साधे सूर एकामागून एक लावा, किंवा असं एखादं गाणं लावा ज्यात बेस गिटार खाली-वर चालत जाते. मग स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा, कान जमिनीपासून फूटभर उंच. ज्या जागी सगळे सूर साधारण सारखे ऐकू येतील, एकच सूर उडी मारून पुढे येणार नाही, ती सबवूफरची जागा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं तेच राहतं, म्हणून हे जमतं. मुलं घरात असतील तर व्हिडिओ निघेल, तेवढी तयारी ठेवा.

तुमच्या हॉलमध्ये ही जागा बहुधा लांबीच्या एखाद्या टोकाकडे निघेल. कोपरा सगळ्यांना आवडतो कारण तिथे तीन पृष्ठभागांचा आधार मिळून आवाज सगळ्यात मोठा येतो. पण कोपरा खोलीतले सगळेच सूर पूर्ण ताकदीने उठवतो, त्यात तो ५१ पण आलाच. म्हणून कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सरकत सरकत ऐका.

दुसरा पर्याय फ्लॅटवाल्यांसाठी मला जास्त आवडतो: सबवूफर सोफ्याच्या अगदी शेजारी, साइड टेबलच्या जागी, हाताच्या अंतरावर. इतक्या जवळून थेट आवाज जास्त आणि खोलीने परत पाठवलेला कमी येतो, त्यामुळे घुमणं आपोआप दबतं. शिवाय तुमच्या कानाला तोच परिणाम मिळवायला सबवूफरचा आवाज बराच कमी ठेवावा लागतो, म्हणजे खालच्या मजल्यावर जाणारा बेसही तेवढाच कमी. अडचण एकच. रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) फार वर असेल तर बेस शेजारून येतोय हे कानाला कळतं. ८० हर्ट्झ किंवा त्याखाली ठेवला तर सहसा कळत नाही.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये मला घरोघरी त्याच गडबडी दिसतात. तुमचे पाचही स्पीकर छोटे आहेत, तर मेनूत ते ‘स्मॉल’च असले पाहिजेत, ‘लार्ज’ नाही. क्रॉसओव्हर ८० पासून सुरू करा, फार लहान स्पीकर असतील तर १००. सबवूफरच्या पाठीमागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत उघडा किंवा एलएफईवर ठेवा (म्हणजे सबवूफरचा स्वतःचा फिल्टर बाजूला राहतो), नाहीतर दोन फिल्टर एकमेकांवर बसतात आणि मधला पट्टा पोकळ होतो. ढोल नेमका त्याच पट्ट्यात असतो. मग फेज, म्हणजे सबवूफरची लाट आणि स्पीकरची लाट एकत्र वर-खाली होतात की उलट. ८० चा सूर पुढच्या दोन स्पीकरवर आणि सबवूफरवर एकत्र वाजवा, तुम्ही जागेवर बसा, कोणाला तरी फेजचं बटण ० आणि १८० वर आलटून पालटून करायला सांगा. जिकडे आवाज मोठा, ते बरोबर. एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर तेही इथेच पकडलं जातं.

एवढं झाल्यावरच इक्वलायझरकडे, म्हणजे एकेक सूर वेगळा कमी-जास्त करण्याकडे जायचं. खोलीतला आवाज मोजणारं रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याला कॅलिब्रेशन फाइलसह (माइकची स्वतःची चूक दुरुस्त करणाऱ्या फाइलसह) येणारा यूएसबी माइक लागतो, तो एखाद्या ओळखीच्याकडून आठवडाभर मागून आणता आला तर विकत घ्यायचं कारण नाही. मोबाइलचा माइक खालच्या सुरांना लवकर बसतो, म्हणून त्याच्या आलेखावरून ‘माझा सबवूफर ४० च्या खाली जात नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मात्र तोच सूर दोन जागी मोजून फरक बघायला मोबाइल चालतो. माइक कानाच्या उंचीवर, सोफ्यावरच्या तीन-चार जागी, आणि आलेखाचं स्मूदिंग (टेकड्या-खड्डे गुळगुळीत करून दाखवणं) बंद. स्मूदिंग लावलं की सगळ्यांचे हॉल छान दिसतात.

आलेखात ५१ ला उंच टेकडी दिसेल. ती इक्वलायझरने कापा, बिनधास्त. तो सूर वाजायला कमी लागतो आणि त्याबरोबर घुमणंही उतरतं. खड्डे मात्र भरायला जाऊ नका. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते, १० डेसिबलला दहापट. १५० वॉटच्या ॲम्प्लिफायरकडे तुम्ही १५०० वॉट मागाल, आणि खड्डा जर लाटांच्या एकमेकांना खोडण्यामुळे असेल तर वाढवलेला आवाजही तितकाच खोडला जाईल. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने मोजून तो स्वतःच सेटिंग लावतो ते) यातलं काही काम करतं, पण वाईट जागी ठेवलेला सबवूफर ते सुधारू शकत नाही. जागा आधी, कॅलिब्रेशन नंतर. जागा बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन.

इथवर आल्यावर बहुतेक लोक थांबतात, आणि थांबावंच. तरीही पैसे खर्च करायचेच असतील तर १५ इंचीऐवजी तुमच्याच सबवूफरचा जुळा भाऊ घ्या. याला नुसत्या मतापेक्षा मोठा आधार आहे. हरमन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे आयताकृती खोल्यांत किती सबवूफर कुठे ठेवावेत याचा अभ्यास मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर बसण्याच्या वेगवेगळ्या जागांमधला फरक चांगलाच कमी करतात. चार ठेवले तर आणखी बरं, त्यापुढे वाढवत जाऊन फारसा फायदा नाही. कारण साधं आहे. दोन्ही टोकांना एकाच फेजमध्ये वाजणारे सबवूफर लांबीची ती पहिली लाट दोन विरुद्ध बाजूंनी ढकलतात आणि ती उठतच नाही. जी लाट उठत नाही तिचा खड्डाही कुठे पडत नाही. मग सोफा मध्यावर असला तरी चालतो. ३५ ला खोलीची मदत मिळत नाही, ती उणीव इक्वलायझरने थोडी भरून काढता येते, कारण आता तिथे खोडाखोड नाही. शिवाय दोघांमध्ये काम वाटलं गेल्याने प्रत्येकावर ताण कमी.

मोठा वूफर कधी घ्यावा, हेही सांगायला हवं, नाहीतर दुकानदारावर अन्याय होईल. बेस म्हणजे हवा ढकलणं. सूर निम्म्यावर आला की तेवढाच आवाज काढायला वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ४० हर्ट्झला ५ मिलिमीटर हलणाऱ्याला २० हर्ट्झला २० मिलिमीटर हलावं लागेल, आणि नेहमीच्या १० इंचीला ते झेपत नाही. १५ इंचीच्या पडद्याचं क्षेत्रफळ १० इंचीच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे त्याला कमी हलून तेच काम होतं. तुम्ही सिनेमे मोठ्या आवाजात बघता, २०-२५ हर्ट्झचा तो हादरा हवाय, आणि हॉल जिन्यासकट वरच्या मजल्यापर्यंत उघडा असलेल्या बंगल्यात राहता, तर १० इंची अपुरा पडेलच. तुमचा १६ बाय ११ चा हॉल, ढोल आणि गाणी, यांना तो अपुरा नाही.

पोर्टवाल्या डब्याची एक मर्यादाही लक्षात ठेवा. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो तिथपर्यंत तो वूफरला मोठी मदत करतो. त्याच्या खाली आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो, बंद डब्याचा १२ ने उतरतो. आणि त्या खालच्या सुरांना पोर्टवाल्या डब्यातल्या वूफरला हवेचा आधारच उरत नाही, पडदा मोकाट हलतो. म्हणून १० इंचीकडून इक्वलायझरने २० हर्ट्झ उकळायचा प्रयत्न केला तर आधी टक-टक आवाज येईल आणि नंतर दुरुस्तीचं बिल.

‘छोटा डबा, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये भरपूर आवाज’ असं तिन्ही देणारी वस्तू कोणी दाखवली तर तिथून निघा. या तिघांतली दोनच एका वेळी मिळतात. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, आणि पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी डब्याचं पूर्ण गणितच मांडून दिलं, आजही वूफरच्या माहितीपत्रकात त्यांच्याच नावाची परिमाणं छापलेली असतात. ५००० वॉट पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा) लिहिलेल्या खोक्यांचा मात्र कुठल्याच गणिताशी संबंध नाही. आरएमएस वॉट (सतत देता येणारी पॉवर) बघा, नसतील लिहिले तर ते कमी आहेत असं समजा.

खालच्या काकूंचा विषय वेगळा, आणि तो मी गमतीत घेणार नाही. आरसीसीच्या इमारतीत स्लॅब, बीम आणि कॉलम एकसंध असतात. सबवूफरखाली रबर किंवा फोमचे पॅड घातले तर डब्यातून थेट फरशीत जाणारी थरथर कमी होते, टाइल्सवर तर नक्कीच घाला. पण हवेतून जाणारा ४०-५० हर्ट्झचा दाब स्लॅबवर आदळतोच, त्याला पॅड काही करू शकत नाहीत. भिंतीला लावायचे पिरॅमिड फोम तर या कामाचे अजिबात नाहीत. ५१ हर्ट्झची पाव लाटसुद्धा साडेपाच फुटांची असते, तिला दोन इंची फोम दिसतही नाही. चार-सहा इंची रॉकवूलचे पॅनल वरच्या बेसचं घुमणं थोडं खातात, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज मात्र तेही अडवत नाहीत.

‘मी मोबाइलवर मोजलं, ५० डेसिबलच होते’ हा युक्तिवाद काकूंसमोर करू नका. सरकारी नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची आणि रात्री (१० ते सकाळी ६) ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते डेसिबल ‘ए’ मापाचे. ते माप मानवी कानाच्या सवयीने खालचे सूर कापतं, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल कापतं. त्यामुळे मीटर गप्प असतो आणि त्यांच्या शोकेसच्या काचा मात्र वाजत असतात. सबवूफर सोफ्याशेजारी आणून आवाज उतरवणं, ५१ कापणं आणि रात्री दहानंतर सबवूफर बंद, एवढ्याने बहुतेक सोसायट्यांत शांतता होते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत हा प्रश्न वेगळा असतो: लाकडी तक्तपोशी आणि माळे काही बेस खातात, बराचसा बाहेर सोडतात, घुमणं कमी, पण बेस भरायला जास्त हवा ढकलावी लागते. फ्लॅटमध्ये याच्या उलट.

रात्री हळू आवाजात बेस गायब होतो अशी तक्रार मग हमखास येईल. ते सिस्टिमचं नाही, कानाचं आहे. हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं. आजच्या प्रमाणित मापांनुसार ४० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायलाच ५१ डेसिबलच्या आसपास दाब लागतो, १००० हर्ट्झला दोन-तीन पुरतात. सगळा आवाज सारखा खाली आणला की बेस आधी कानाआड होतो. रिसीव्हरमध्ये डायनॅमिक इक्यू किंवा लाउडनेस असेल तर हळू ऐकताना ते चालू करा, मोठ्याने ऐकताना बंद.

घरातल्या वस्तूंचं वाजणंही शोधून काढा. ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू वर नेणारा स्वीप लावा आणि घरात फिरा. ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी, शोकेसची काच, एसीची पट्टी, फॉल्स सीलिंगमधला दिवा, देव्हाऱ्यातली घंटा, आपापल्या सुराला बोलायला लागतात. एकाकडे मी ‘फाटका’ वूफर बघायला गेलो आणि दोष निघाला सैल स्विचबोर्डात. खिडकीच्या चौकटीत फेल्टची पट्टी, काचेखाली रबराचे ठिपके, स्क्रू आवळणं, संपलं.

राहिली घूं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि सबवूफर तिला आनंदाने मोठी करतो. सबवूफरची सिग्नल केबल रिसीव्हरमागून काढा. घूं थांबली तर दोष सबवूफरमध्ये नाही. केबल परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सची बाहेरून येणारी गोल केबल काढून बघा. फ्लॅटमध्ये निम्म्या वेळा घूं तिच्यातूनच येते, कारण तिचं अर्थिंग (जमिनीशी विजेची जोडणी) आणि तुमच्या घराचं अर्थिंग वेगवेगळ्या पातळीवर असतं. तसं निघालं तर त्या केबलवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन ही जोडणी तोडणारा तुकडा) बसतो. नसेल तर सबवूफर, रिसीव्हर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. कोणी प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देईल, त्याने घूं जातेही. पण सबवूफरच्या ॲम्प्लिफायरमध्ये काही बिघडलं तर करंट त्याच्या पाठीमागच्या धातूच्या पत्र्यावर उतरू शकतो, आणि पिन काढलेली असेल तर त्याला तुमच्या हाताशिवाय दुसरी वाट राहत नाही. पिन काढू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

सोफा हलवून झाल्यावर, रांगून झाल्यावर, काय फरक पडला ते इथेच लिहा. हॉलचा साधा कच्चा नकाशा, डायनिंगचं उघडं तोंड किती फूट आणि सबवूफरचं मॉडेल एवढं टाकलंत तर क्रॉसओव्हर आणि ५१ चा फिल्टर किती ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.